आलेल्या माणसांचे आवाज

आकाशवाणीची सकाळची ती सुरावट ओळखत नाही असा पन्नाशीतला माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. मागे तंबोरा, त्यावर व्हायोलिनचे मोजके स्वर, पुन्हा तेच स्वर, आणि मग निवेदकाचा आवाज. कित्येक घरांत चहाचे आधण त्या सुरांवर चढत असे. ती आपल्याला इतकी आपली वाटते की ती कोणी तरी बसून बांधली असेल, हे मनातही येत नाही. तिचे श्रेय साधारणपणे ज्याला दिले जाते त्याचे नाव वॉल्टर कॉफमन. १९०७ साली कार्ल्सबाद गावी जन्मलेला, जर्मन बोलणारा ज्यू संगीतकार. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. हिटलर सत्तेवर आल्यानंतर युरोपात ज्यूंना दिवस कठीण झाले आणि १९३४ साली कॉफमन मुंबईच्या बंदरात उतरला. १९३७ ते १९४६ या काळात तो मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. सुरावट शिवरंजनीच्या अंगाची आहे आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सांगतात. मेहली मेहता म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, पारशी. म्हणजे युरोपातून पळून आलेला एक ज्यू आणि ज्याचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी इराणातून आले असा एक पारशी, या दोघांनी मिळून आपली सकाळ बांधली.

कॉफमनला इथले संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा काहीच कळले नव्हते. तसे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. पण तो थांबला, शिकला, मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. हा देश सोडल्यावर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवताना त्याने उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ लिहिला. १९८४ साली तो वारला. त्याच मुंबई केंद्रावर झेड. ए. बुखारी संचालक होते. ते पेशावरचे. फाळणीनंतर ते रेडिओ पाकिस्तानचे पहिले महासंचालक झाले. एकाच इमारतीत कुठून कुठून आलेली आणि कुठे कुठे जाणारी माणसे बसत होती पाहा.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की सरकारी रेडिओ आणि बाहेरून आलेली माणसे यांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. रेडिओने त्यांच्याविषयी पुष्कळ सांगितले. त्यांचे आवाज मात्र त्या मानाने फार थोडे जपले. सांगणे आणि जपणे यांत फरक आहे, आणि तोच आज उलगडून पाहायचा आहे.

बाहेरून आलेल्यांविषयी सरकारने रेडिओवरून ठरवून, मालिका लावून बोलावे, असा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १३ नोव्हेंबर १९३८ला तो सुरू झाला आणि ७ मे १९३९ला संपला. दर रविवारी अर्धा तास, एकूण २६ भाग. तिथल्या केंद्र सरकारच्या शिक्षण कार्यालयाने तो केला आणि सीबीएस या खासगी रेडिओ कंपनीने प्रसारित केला. नाव होते ‘इमिग्रंट्स ऑल, अमेरिकन्स ऑल’. आपल्याकडे म्हणायचे तर, सारेच बाहेरून आलेले आणि सारेच अमेरिकन. एका रविवारी आयरिश, एका रविवारी जर्मन, मग स्कँडिनेव्हियन, ज्यू, स्लाव्ह, इटालियन, पौर्वात्य. शेवटी उद्योगात कोणी काय दिले, विज्ञानात काय, कलेत काय, असे भाग. वाद्यवृंद, निवेदक, नाट्यप्रवेश अशी भारदस्त मांडणी होती. श्रोत्यांची पत्रे हजारोंनी आली. भागांच्या तबकड्या काढून त्या शाळांना पुरवण्यात आल्या. म्हणून तर आज ऐंशीपेक्षा जास्त वर्षांनी ती मालिका ऐकायला मिळते.

कल्पना रेचल डेव्हिस ड्युबॉइस या शिक्षिकेची. न्यू जर्सीतल्या शाळेत शिकवताना तिने पाहिले होते की परदेशी आईबापांची मुले घरच्या भाषेची, घरच्या डब्याची लाज बाळगतात. तुझ्या लोकांनी या देशाला काय दिले हे त्या मुलाला सांगावे, त्याची मान वर होईल आणि शेजारच्या मुलाची हेटाळणी थांबेल, असा तिचा साधा हिशेब होता. संहिता लिहिणारे गिल्बर्ट सेल्डिस हे नामवंत समीक्षक. त्यांना हे वेगवेगळे वाफे पाडणे पटत नव्हते. त्यांचे म्हणणे, गोष्ट एकाच देशाची सांगा, सगळे मिळून काय घडले ते सांगा. बाई म्हणे प्रत्येकाला त्याचा रविवार द्या, आणि लेखक म्हणे सगळ्यांचा एकच रविवार करा. मालिकेत दोन्ही मते कशीबशी नांदली. मला विचाराल तर दोघांचेही म्हणणे खरे होते आणि दोघांचेही अपुरे होते.

अपुरे का, ते त्या मालिकेतच दिसते. तिचे नावच घ्या. सारेच बाहेरून आलेले म्हटले, की तिथे आधीपासून राहणारे आदिवासी कुठे बसतात? आणि काळ्या लोकांवरचा भाग? ते बाहेरून आले नव्हते, त्यांना साखळदंडात आणले होते. त्या भागाची संहिता डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस आणि अ‍ॅलन लॉक या दोन थोर कृष्णवर्णीय विद्वानांना दाखवली गेली, त्यांनी बदलही सुचवले. पण ठरलेला साचा कौतुकाचा होता. ज्याच्याकडून घेतले ते हिसकावून घेतले, त्याच्यासाठी ‘योगदान’ हा शब्द वापरायचा कसा? देणगी ही स्वखुशीने द्यायची असते.

दुसरे असे की या भागांत बोलणारे बरेचसे नट होते. आयरिश माणसाचे हेल काढणारा नट, इटालियन माणसाचे हेल काढणारा नट. खुद्द त्या माणसाला मायक्रोफोनपुढे आणून ‘बाबा, तुझे तू सांग’ म्हणणे त्या मांडणीत बसत नव्हते.

आणि तिसरी गोष्ट तारखांची आहे. मालिकेचा शेवटचा भाग ७ मे १९३९ला वाजला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १३ मेला, ‘सेंट लुई’ नावाची बोट हॅम्बुर्गहून निघाली. तिच्यावर ९३७ उतारू होते, जवळजवळ सगळे ज्यू. क्यूबाने अगदी मूठभर लोक सोडले तर कोणाला उतरू दिले नाही. बोट फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेली, पण अमेरिकेने दार उघडले नाही. बोट युरोपात परतली आणि त्यातले २५४ जण पुढे नाझींच्या संहारात मेले. ज्यूंनी अमेरिकेला काय दिले, यावर सरकारने अर्धा तास खर्चून काही महिनेच झाले होते. १९४२ साली त्याच सरकारने सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. पौर्वात्यांचाही एक रविवार होऊन गेला होता.

याचा अर्थ मालिका खोटी होती असा मी काढत नाही. तबकडी ऐकून एखाद्या मुलाची मान वर झालीच असेल. पण योगदानाच्या यादीला एक मर्यादा असते. जो यादीत आहे त्याला वाहवा मिळते, आणि ज्याने काही दाखवण्याजोगे दिले नाही त्याला नुसते राहण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न तसाच पडून राहतो.

हे मला जरा जास्त जाणवते, कारण यादी वाचण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते. मी मराठीत कविता लिहितो, नाव मुसलमानाचे आहे. त्यामुळे रमजान ईद जवळ आली की कुठून ना कुठून फोन ठरलेला. ‘मराठीला मुस्लिमांचे योगदान, दहा मिनिटे.’ मग मी शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून सुरू करतो, शाहीर अमर शेखांपर्यंत येतो, घड्याळ पाहतो आणि थांबतो. ही नावे मोठी आहेत, ती घेताना माझा ऊर भरून येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावसावर बोलायला, एसटीवर बोलायला, भाताच्या लावणीवर बोलायला मला कोणी फोन केल्याचे आठवत नाही. एकदा एका अधिकारी बाईंनी आपुलकीने विचारले, ‘तुमचे मराठी इतके चांगले कसे हो?’ मी म्हटले, ‘आईकडून आले.’ त्यांना वाटले मी विनोद केला.

आता आपल्या रेडिओकडे येऊ. बाहेरून आलेल्यांच्या संदर्भात आपल्या सरकारी संग्रहातले सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रण कोणते असेल तर ते गांधीजींचे. १२ नोव्हेंबर १९४७, दिवाळीचा दिवस. कुरुक्षेत्राच्या छावणीत फाळणीचे अडीच लाखांच्या आसपास निर्वासित होते. तिथे जाणे जमले नाही म्हणून गांधीजी दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये आले आणि त्यांच्याशी बोलले. रेडिओ केंद्रात ते आले ते आयुष्यात तेवढेच एकदा. तो आवाज जपला गेला, आणि १२ नोव्हेंबर हा आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवसांत रेडिओवरून ताटातूट झालेल्यांचे निरोपही वाचले जात. अमक्याचा मुलगा अमक्या छावणीत आहे, अमकी बाई आपल्या भावाला शोधते आहे. तेव्हाच्या रेडिओने केलेल्या कामांत याहून मोठे काम मला दिसत नाही. पण यातही एक बाजू अशी की निर्वासितांना उद्देशून बोललेला आवाज आपल्याकडे आहे, आणि त्यांचे निरोप वाचले गेले ते निवेदकाच्या आवाजात.

असे का झाले, याची कारणे कोणाच्या दुष्टाव्यात नाहीत, कामाच्या पद्धतीत आहेत. ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण संहितेचे. आपल्याकडे रेडिओवर ‘भाषण’ म्हणजे लिहून आणलेला मजकूर वाचणे. कागद आधी पाठवायचा, तो तपासला जाई, वेळेत बसवला जाई, करारपत्रावर सही होई आणि मग वक्ता स्टुडिओत. बोलण्यासाठी आधी लिहिता यावे लागे! जिला लिहिता येत नाही ती बाई, भट्टीवरचा मजूर, खाडीतला मच्छीमार, यांना ‘वक्ता’ होणेच शक्य नव्हते. ते आलेच तर लोकगीताच्या कार्यक्रमात यायचे. गाण्याला कागद लागत नसे.

दुसरे कारण टेपचे. सुरुवातीची वर्षे बहुतेक सगळे थेट प्रसारण असे. बोलले आणि हवेत विरले. निवडक गोष्टींच्या तबकड्या निघत. पुढे चुंबकीय टेप आली, पण ती महाग. म्हणून कार्यक्रम वाजला की टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम चढवायचा, हा जगभरच्या रेडिओंचा रिवाज होता आणि आपलाही. काय ठेवायचे हे कोणी तरी ठरवे, आणि ठरवणारा साहजिकच थोरामोठ्यांचे ठेवी. १९५४ साली आकाशवाणीची ट्रान्स्क्रिप्शन सेवा सुरू झाली, तिथून संग्रहाला शिस्त आली. राष्ट्रपती, पंतप्रधान यांची भाषणे, उस्ताद-पंडितांचे गायन-वादन जपले गेले. आज बडे गुलाम अली खाँ ऐकता येतात हे त्या सेवेचे उपकार आहेत, ते मान्य केलेच पाहिजेत. पण १९५० साली कल्याणच्या छावणीत राहणाऱ्या एखाद्या सिंधी म्हातारीचा आवाज ‘ठेवा’ या शिक्क्याखाली येणे अवघड होते. त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले, हे मात्र आपल्याला तारखेनिशी ठाऊक असते.

गंमत अशी की या बाबतीत इंग्रज सरकार जरा वेगळे वागले होते, अर्थात स्वतःच्या कामापुरते. जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला. त्यात आमच्या कुलाबा-ठाण्याकडच्या आगरी, कोळी, काथोडी अशा बोलींचे नमुने छापलेले आहेत. बोलींची तुलना करता यावी म्हणून नमुन्याला सगळीकडे एकच गोष्ट दिलेली होती, बायबलमधली उधळ्या मुलाची. बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी गेलेला आणि सगळे घालवून घरी परतलेला मुलगा. पुढे त्याच कामाला जोडून, १९१३ ते १९२९च्या दरम्यान, प्रांतोप्रांती साध्या माणसांच्या बोलण्याच्या ग्रामोफोन तबकड्या काढल्या गेल्या. तिथे बोलणाऱ्याला ‘तुझे योगदान काय?’ असे विचारले नव्हते. तो कसा बोलतो एवढेच हवे होते. म्हणूनच त्या तबकड्यांत माणूस ऐकू येतो, मग गोष्ट दुसऱ्याची का असेना.

आता माझ्या जिल्ह्याबद्दल. रायगडाची अशी २६ भागांची मालिका करायची म्हटली तर विषय शोधत हिंडावे लागणार नाही. इ. स. ९१६च्या सुमाराला अल मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असे त्याने लिहिले आहे. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे, आणि त्यांची इथेच जन्मलेली मुले. त्या मुलांना ‘बयासिरा’ असे वेगळे नाव होते. त्यांच्यावरचा प्रमुख इथला राजा नेमत असे. कोणी मला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले, की मला ती बयासिरा मुले आठवतात. त्यांनाही कोणी तरी हेच विचारले असेल, आणि त्यांनी चौलच सांगितले असेल.

मग बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटली, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नवगावला त्यांच्या पूर्वजांचे दफनस्थान आजही दाखवतात. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आडनावे पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर, चेऊलकर. मराठी ही घरची भाषा, इतकी की बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तने रचली. मोहोपाड्याहून पनवेल काही दूर नाही, तिथले बेथ एल हे सिनेगॉग १८४९चे आहे. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस आणि कवी निस्सीम इझिकेल याच समाजाचे. ही झाली यादी.

पण मला यादीपेक्षा पुढची हकिकत जास्त शिकवते. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेले. इथे शेकडो वर्षांत त्यांचे ज्यू असणे कोणी तपासून पाहिले नव्हते. तिथे गेल्यावर काही धर्मपीठांनी लग्नाच्या वेळी शंका काढली, हे खरेच पुरते ज्यू आहेत का? त्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली तो प्रश्न मिटला. स्वतःच्या म्हटलेल्या देशात ते ‘बाहेरून आलेले’ ठरले होते. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा मिळाला तो २०१६ साली, म्हणजे समाज बहुतेक निघून गेल्यावर.

मुरूडकडच्या सिद्दींवर एक भाग होईल, पण तो समुद्राकाठचा विषय, मी घाटाखालचा माणूस. आमच्या कर्जत-खालापुराकडे पाहू. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. १८६१ साली तिथे एका वेळी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते काम पूर्ण करवून घेतले. तिचे नाव राहिले, राहायलाच हवे. त्या बेचाळीस हजारांतले किती जण कुठून आले होते आणि किती जण त्याच डोंगरात संपले, त्यांची नावे सांगणारा दगड घाटात नाही. नेरळ-माथेरानची झुकझुक गाडी १९०७ साली सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, पैसा त्यांच्या वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. घराणे गुजरातेतून आलेले, बोहरी. तेव्हा माथेरानला जाणाऱ्या प्रत्येक शाळकरी सहलीने एका स्थलांतरित घराण्याचे आभार मानायला हरकत नाही.

आणि माणसेच कशाला, आमच्या पाताळगंगेचे उन्हाळ्यातले पाणीसुद्धा घाटी आहे. लोणावळ्याकडची वळवण, शिरवटा ही टाटांची धरणे घाटावरच्या खोऱ्यात येतात. तिकडचे पाणी खरे तर पूर्वेला भीमेकडे जायचे. ते नळांतून खोपोलीला उतरवून १९१५ साली वीज काढली, आणि वीज काढून उरलेले पाणी पाताळगंगेत सोडले. नदी बारमाही झाली. पाणी बारमाही म्हणून कारखाने आले, आणि कारखाने आले म्हणून माणसे आली. आम्ही कोकणातले लोक घाटावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवतो आणि त्याच्याच पाण्याने चूळ भरतो.

हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६० साली स्थापन झाली, कारखाना मोहोपाड्याला लागून. नायट्रोबेंझिन, अ‍ॅनिलीन अशी रसायने इथे बनू लागली आणि भागाचे नावच रसायनी पडले. आजूबाजूच्या गावांच्या शेतजमिनी गेल्या, कॉलनी उभी राहिली. माझे वडील तिथे नोकरीला लागले आणि माझे लहानपण त्या कॉलनीत गेले. एका मजल्यावर मल्याळी, वर तेलुगू, समोर बंगाली, खाली आमच्यासारखे कोकणी मुसलमान आणि सातारकडचे मराठे. नळाला पाणी आले की सगळ्यांच्या आया एकाच मराठीत भांडत. ते मराठी कुठल्याही पुस्तकात नव्हते. त्यात आगरी हेल होता, ‘शिफ्ट’, ‘ओव्हरटाइम’, ‘जनरल’ हे शब्द होते, आणि मल्याळी अम्मा ‘ळ’ इतका सुरेख म्हणत की आमच्या शाळेच्या बाईंनाही तसा जमत नसे.

२०१७ साली सरकारने कारखान्याचे तोट्यातले विभाग बंद करायचे ठरवले. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा तेवढा विभाग इस्रोकडे जायचा ठरला. बाकीचे थंडावले. ज्यांची नोकरी संपली त्यांतले कोणी केरळला परतले, कोणी मुलाकडे नवी मुंबईत गेले, कोणी मोहोपाड्यातच फ्लॅट घेऊन राहिले. कंपनीचे वार्षिक अहवाल राहतील, किती टन काय बनले ते त्यात मिळेल. नळावरच्या भांडणांचे मराठी कुठल्या अहवालात मिळणार?

शिवाय आमच्या भागात उलटा प्रकारही आहे. कातकरी इथले जुने रहिवासी. काथ करणारे म्हणून कातकरी. दिवाळी उलटली की त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे जो सगळ्यांच्या आधी इथे होता तोच दरसाल निर्वासित होतो, आणि बाहेरून आलेले आम्ही पक्क्या घरात बसून स्थलांतरावर भाषणे करतो. रेडिओवर त्यांची गाणी पुष्कळ वाजली. भट्टीवर उचल किती घेतली, किती फिटली, पोराची शाळा कितव्या वेळी सुटली, हे त्यांच्या तोंडून ऐकायचे तर त्यांच्या वाडीवरच जावे लागेल.

जुन्या टेपांचे काम आता संगणकावर चालते, आणि त्यातली एक गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते. टेप ‘कॉपी’ होत नाही, ती वाजवावी लागते. अर्ध्या तासाची टेप संगणकात घ्यायला अर्धा तासच लागतो. टेप चिकटलेली असेल, बुरशी धरली असेल तर आधी ती साफ करण्यात वेळ जातो. शिवाय डब्यावरच्या चिठ्ठीत कलाकाराचे नाव नसेल, तर ती टेप शोधणाऱ्याच्या हाती लागणेच कठीण. बेनाम माणसाचा आवाज चुकून राहिलाच असेल, तर तो अशाच एखाद्या डब्यात, ‘किरकोळ’ अशा चिठ्ठीखाली असेल. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निवृत्त निवेदकांना आणि तंत्रज्ञांना आजच विचारले पाहिजे, की अमक्या रूपकासाठी तुम्ही यंत्र घेऊन कुठे गेला होता, कोण बोलले होते. डब्यावर न लिहिलेले त्यांच्या डोक्यात आहे.

आणि नवे मुद्रण करायला आता स्टुडिओ लागत नाही, करारपत्र लागत नाही, संहिता तर नाहीच. परवा आमच्या खालच्या मजल्यावरचे मल्याळी काका गच्चीवर बसले होते. बत्तीस वर्षे त्यांनी रात्रपाळ्या केल्या. मी त्यांना विचारून फोन मध्ये ठेवला आणि म्हटले, ‘काका, बोला.’

‘काय बोलू? कंपनीचं?’

‘तुम्हाला हवं ते.’

ते चाळीस मिनिटे बोलले. त्यात कंपनी जेमतेम पाच मिनिटे आली असेल. बाकी सगळे पहिल्या पावसाळ्याबद्दल होते. रसायनी स्टेशनवर उतरल्यावर छत्री उलटी झाली, एका आगरी बाईने घरात घेतले, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. तिचे बोलणे यांना कळेना, यांचे तिला कळेना. ‘भाकरी मात्र माझ्या आईच्या पत्तिरीसारखी लागली,’ काका म्हणाले, ‘म्हणून राहिलो.’ मग त्यांनी मला विचारले, फोनमध्ये आवाज नीट आला का? नसेल तर ते पुन्हा सांगतील.